मोबाईलांतील दप्तर आणि त्यांतील वाटा

शेतकऱ्याचें दप्तर आतां केवळ तलाठ्याच्या कपाटांत राहिलेलें नाहीं. तें मोबाईलांत आलें आहे. सातबारा पाहणें, पिकाची नोंद करणें, वारसाचा अर्ज देणें, पीकविमा उतरविणें, ठिबक संचाच्या किंवा अवजारांच्या अनुदानास अर्ज करणें, शेतकरी ओळख क्रमांक काढणें, हीं सर्व कामें आज कोणत्या ना कोणत्या ॲपांतून किंवा पोर्टलांतून करावीं लागतात. ही व्यवस्था यावयास हवी होती कीं नको, हा आजच्या लेखाचा विषय नव्हे. ती आली आहे व राहणार आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. या नव्या दप्तरांत शिरलेल्या खातेदारास आपलें काम कोठें आहे हें सांपडतें काय? आणि न सांपडल्यास दोष कोणाचा?

आमचें स्पष्ट मत असें कीं, बहुतेक वेळां दोष खातेदाराचा नसून मांडणीचा असतो. सॉफ्टवेअर बांधणारे लोक आंतील हिशेब बिनचूक करण्यासाठीं पुष्कळ श्रम घेतात. परंतु दारापासून त्या हिशेबापर्यंत जाणारी वाट आखण्याचें काम पुष्कळदां शेवटीं व घाईघाईनें उरकलें जातें. जमीन उत्तम, विहीर भरलेली, पण शेतांत जावयास रस्ता नाहीं, अशी मग त्या सॉफ्टवेअरची अवस्था होते. रस्त्यावांचून शेताची किंमत काय राहते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

हा प्रश्न केवळ सोयीचा आहे असें कोणी समजूं नये. ई-पीक पाहणीचेंच उदाहरण घेऊं. पूर्वीं गांव नमुना १२ मधील पिकाची नोंद तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती नोंद खातेदारानें स्वतः मोबाईलवरून करावी अशी पद्धत राज्यभर सुरू झाली, व पुढें ती केंद्र सरकारच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशीं जोडण्यांत आली. हेतु उत्तम होता. ज्याचें शेत त्यानेंच आपल्या पिकाची साक्ष द्यावी, यापरतें योग्य काय असणार? परंतु या एका नोंदीवर किती गोष्टी अवलंबून आहेत तें पाहा. पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची मदत, हमीभावाची खरेदी, या सर्व ठिकाणीं सातबाऱ्यावर कोणतें पीक लिहिलें आहे याचा आधार घेतला जातो. यादींत भलत्याच ओळीवर बोट पडून सोयाबीनच्या जागीं 'चालू पड' लागली, तर शेतांत उभें असलेलें पीक कागदावरून नाहींसें होतें. विम्याचीही तीच गोष्ट. २०१६ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान पीकविमा योजनेंत, ज्या हंगामांत स्थानिक आपत्तीची तरतूद लागू होती त्या हंगामांत, नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आंत देणें बंधनकारक होतें. ज्याचें शेत पाण्याखालीं आहे, ज्याच्या गांवची वीज गेलेली आहे, त्यानें त्या बहात्तर तासांपैकीं किती तास 'सूचना कोठें द्यावयाची' हें धुंडाळण्यांत घालवावेत? वाट चुकणाऱ्याचा येथें केवळ वेळ जात नाहीं, हंगाम जातो.

आतां ही वाट इतकी बिकट कां होते, तें पाहूं. आमचें आयुष्य महसूल दप्तरांत गेल्यामुळें आम्हांस याचें एक कारण ठळकपणें दिसतें. गांवचें दप्तर हेंही एक गुंतागुंतीचें यंत्रच होतें व आहे. गांव नमुने एक ते एकवीस. त्यांतील सहावा फेरफाराचा, सातवा हक्काचा, बारावा पिकांचा, आठ-अ खात्याचा. एका नमुन्यांतील नोंद दुसऱ्यांत, दुसऱ्यांतील तिसऱ्यांत. फेरफाराची नोंद सहाव्यांत धरल्यावर हितसंबंधितांस नोटीस जावयाची, हरकत आल्यास तिची चौकशी व्हावयाची, मंजुरी मिळाल्यावरच सातव्यावर अंमल द्यावयाचा. ही सर्व साखळी नवीन कारकुनास तोंडपाठ होण्यास वर्ष-दोन वर्षें लागत. परंतु खातेदारास त्या साखळीशीं कर्तव्य नसे. तो येऊन एवढेंच म्हणे, "वडील वारले, नांवें लावावयाचीं आहेत." पुढील वाट दप्तर जाणणारा माणूस चालत असे. खातेदाराच्या भाषेंतील प्रश्न दप्तराच्या भाषेंत उतरविणें, हेंच त्या माणसाचें खरें काम होतें.

मोबाईलांत दप्तर आलें तेव्हां नमुने आले, रकाने आले, संक्षेप आले. पण हा मधला दुभाषी आला नाहीं. फेरफाराचे ऑनलाईन अर्ज ज्या ई-हक्क प्रणालींतून द्यावयाचे, तिच्यांतील अर्जांचे प्रकार पाहा: वारस नोंद, मयताचें नांव कमी करणें, बोजा चढविणें, बोजा कमी करणें, ई-करार, अपाक शेरा कमी करणें, एकुमॅ नोंद कमी करणें. महसूल खात्यांतील माणसास यांतील प्रत्येक शब्द परिचयाचा आहे. अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता, एकुमॅ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, हें त्यास झोपेंतही सांगतां येईल. परंतु नवरा जाऊन महिना झालेल्या बाईनें 'वारस नोंद' व 'मयताचें नांव कमी करणें' यांपैकीं कोणतें दार उघडावें? तिच्या दृष्टीनें दोन्ही गोष्टी एकच आहेत. तेथें एका ओळींत जर विचारलें, "ज्यांचें निधन झालें त्यांच्या वारसांचीं नांवें सातबाऱ्यावर लागलीं आहेत काय?", आणि 'होय' किंवा 'नाहीं' या उत्तरावरून सॉफ्टवेअरनेंच योग्य अर्ज पुढें ठेवला, तर त्या बाईस कोणाच्याही पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहींत. दप्तराच्या क्रमानें केलेली मांडणी आणि खातेदाराच्या प्रश्नानें केलेली मांडणी, यांतील फरक तो हाच.

ही अडचण आपल्याच देशांत आहे किंवा सरकारी खात्यांतच आहे, असेंही नव्हे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या 'वर्ड' या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्यें वर्षानुवर्षें इतकीं कामें भरलीं गेलीं कीं, यादींतून हवी ती आज्ञा शोधणें लोकांस जड जाऊं लागलें. २००० सालच्या आवृत्तींत कंपनीनें एक युक्ति केली. जी आज्ञा माणूस क्वचित् वापरतो ती यादींतून आपोआप लपवावयाची व नेहमींची तेवढी दाखवावयाची. ऐकावयास हें शहाणपणाचें वाटतें. परंतु परिणाम उलट झाला. काल ज्या जागीं वस्तु होती ती आज तेथें दिसेना, आणि लोक अधिकच गोंधळले. शेवटीं २००७ सालीं जुन्या याद्या काढून, कामांच्या जातीप्रमाणें गट पाडलेली व चित्र आणि शब्द दोन्ही असलेली पट्टी वर मांडण्यांत आली. त्या काळीं कंपनीच्याच लोकांनीं सांगितलें कीं, ग्राहक ज्या नव्या सोयी मागत होते त्यांतील पुष्कळ सोयी सॉफ्टवेअरमध्यें आधींपासूनच होत्या. त्या कोणास सांपडत नव्हत्या एवढेंच. हें वाक्य आमच्या प्रत्येक पोर्टलच्या दारावर लावून ठेवण्यासारखें आहे. जी सोय सांपडत नाहीं, ती नसल्यासारखीच होय.

दुसरें उदाहरण वाटांच्याच नकाशाचें आहे. लंडन शहराच्या भुयारी रेल्वेचा नकाशा पूर्वीं खऱ्या भूगोलाप्रमाणें काढीत. मध्यभागीं स्थानकांची दाटी व कडेला मोकळें रान, त्यामुळें तो वाचतां येत नसे. हॅरी बेक नांवाच्या नकाशे काढणाऱ्या नोकरानें सरळ व तिरप्या रेघांचा, स्थानकें सारख्या अंतरावर मांडलेला नकाशा तयार केला. तो १९३३ सालीं छापला गेला व आजही त्याच धर्तीवर नकाशे निघतात. बेकनें अंतरें खोटीं दाखवलीं असें कोणी म्हणेल. परंतु प्रवाशास अंतर नको होतें. कोठें चढावयाचें, कोठें बदलावयाचें व कोठें उतरावयाचें एवढेंच हवें होतें. मोजणीचा नकाशा भूमापकासाठीं असतो, वाटेचा नकाशा वाटसरूसाठीं. सॉफ्टवेअरचा पडदा हा वाटसरूचा नकाशा आहे, हें विसरल्यामुळेंच आज खातेदारापुढें भूमापकाचा नकाशा टाकला जातो.

तर मग चांगल्या मांडणीचीं लक्षणें कोणतीं? आमच्या अल्प मतीप्रमाणें तीं पुढें देतों.

पहिलें लक्षण, 'मी कोठें आहे' हें प्रत्येक पडद्यावर दिसलें पाहिजे. तालुका, गांव, खातें, गट, हंगाम, आणि एकूण पायऱ्यांपैकीं ही कितवी, एवढें वरच्या ओळींत सतत राहावें. चार तुकडे असलेला शेतकरी तिसऱ्या तुकड्याचें छायाचित्र काढतांना दुसऱ्याच गटाच्या पडद्यावर असेल, तर त्यास तें छायाचित्र पाठविण्यापूर्वीं कळलें पाहिजे, नंतर नव्हे.

दुसरें, शेताची ओळख शेतकऱ्याच्या पद्धतीनें करतां आली पाहिजे. १८३५-३६ सालीं इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं मोजणीची जी पद्धत सुरू केली, तिनें प्रत्येक शेतास क्रमांक दिला. पुढें १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानें पुष्कळ गांवीं सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आज म्हाताऱ्या खातेदाराच्या तोंडीं जुना नंबर असतो, सुनेच्या तोंडीं 'आंब्याचा तुकडा' व 'विहिरीजवळचें' असतें, आणि सॉफ्टवेअर फक्त गट व त्याचा हिस्सा ओळखतें. एकदां नोंदणी झाल्यावर प्रत्येक गटास घरचें नांव देण्याची मुभा ठेवली, तर कायदा कोठेंही मोडत नाहीं, आणि पुढल्या हंगामांत चुकीच्या गटावर बोट पडण्याचें निम्में भय जातें.

तिसरें, दारें किती असावीं याविषयीं. एका यादींत सातांहून अधिक गोष्टी असूं नयेत असा एक नियम वारंवार सांगितला जातो व त्यासाठीं मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९५६ सालच्या निबंधाचा दाखला देतात. परंतु तो निबंध माणूस एका वेळीं मनांत किती गोष्टी धरूं शकतो याविषयींचा आहे. पडद्यावर डोळ्यांपुढें असलेली यादी मनांत धरावी लागत नाहीं. म्हणून बारा स्पष्ट नांवांची एक यादी, ही तीन मोघम दारांहून व त्यांच्या आंतील आणखी तीन-तीन दारांहून बरी. 'सेवा', 'इतर', 'माहिती' अशा पाट्या लावलेल्या खोल्यांत काय ठेवलें आहे, तें ठेवणाऱ्यासच ठाऊक असतें.

चौथें, वस्तूची जागा बदलूं नये. ॲपाची नवी आवृत्ति हंगामाच्या ऐन मध्यावर काढून बटणें इकडचीं तिकडे करणें, म्हणजे पेरणीच्या दिवसांत पाणंद नांगरून टाकण्यासारखें आहे. बदल अवश्य करावेत, पण ते दोन हंगामांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत, आणि 'अमुक गोष्ट आतां येथें आहे' अशी खूण ठेवून.

पांचवें, मागें फिरण्याची वाट. अर्धवट भरलेला अर्ज फोन आल्यामुळें किंवा रेंज गेल्यामुळें पुसला जाऊं नये. चूक दुरुस्त करावयाची मुदत असल्यास ती नियमांच्या कागदांत न राहतां पडद्यावर दिसावी. ई-पीक पाहणींत २०२२ सालीं नोंद ४८ तासांच्या आंत स्वतः दुरुस्त करण्याची सोय झाली, ही स्तुत्य गोष्ट होय. पण अशी सोय 'नोंद दुरुस्त करावयाची आहे काय? अजून इतके तास शिल्लक' अशा शब्दांत नोंदीखालींच लिहिलेली असावी, तरच तिचा उपयोग.

सहावें, चुकीचा निरोप उपायासह द्यावा. 'तांत्रिक त्रुटि', 'अवैध माहिती' हे निरोप नव्हेत; ते दार तोंडावर लोटणें होय. "आपण गटाच्या हद्दीबाहेर उभे आहांत, शेतांत जाऊन पुन्हा छायाचित्र काढा", हा निरोप.

सातवें, शोधण्याची सोय मराठी बोलीस धरून असावी. हरभरा व चणा, कापूस व कपाशी, भुईमूग व शेंगदाणा, यांपैकीं काहीही लिहिलें तरी एकच पीक पुढें यावें. नांवांतील ऱ्हस्वदीर्घावरून खातें सांपडूं नये, हें तर हास्यास्पद होय. आंकडे मराठी लिहिले काय किंवा इंग्रजी लिहिले काय, गट एकच.

आठवें व शेवटचें, हात आणि ऊन यांचा विचार. बटण मोठें व जवळ असेल तर बोट चटकन् व अचूक पोंचतें, हें फिट्स यानें १९५४ सालीं गणितानें दाखविलें. शेतकऱ्यास तें विळ्याच्या मुठीवरून ठाऊक आहे. चिखलाचें बोट, भर दुपारचा उजेड व स्वस्तांतला मोबाईल, या तिहींत जो पडदा वाचतां येतो तोच पडदा आमच्या कामाचा. केवळ चित्र काढून शब्द गाळूं नये. चित्राचा अर्थ प्रत्येक जण निराळा करतो.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा कीं, शेतकऱ्यांनीं शिकावें. सॉफ्टवेअर सोपें करण्याचा हट्ट कां? शिकण्यास शेतकरी कधीं मागें नव्हता. त्यानें ठिबक शिकलें, विद्राव्य खतें शिकलीं, द्राक्षाची छाटणी शिकली. परंतु जें काम वर्षांतून दोनदांच करावयाचें, तें शिकलेलें सहा महिन्यांत विसरतें. रोज वापरणाऱ्या कारकुनासाठीं सराव चालतो. क्वचित् येणाऱ्यासाठीं पाटीच हवी. केन्यांत २००७ सालीं निघालेली एम-पेसा ही मोबाईलवरून पैसे पाठविण्याची व्यवस्था साध्यांत साध्या फोनवरच्या लहान यादींतून चालली. क्रमांक, रक्कम, गुप्त आंकडा, खात्री. एका वेळीं एकच प्रश्न. कमी शिकलेल्या लोकांनींही ती उचलली, याचें एक कारण ही छोटी वाट हेंही होतें.

दुसरा आक्षेप असा कीं, जमिनीचा कायदाच गुंतागुंतीचा आहे, पडदा सोपा कसा होणार? या आक्षेपांत तथ्य आहे. जी गुंतागुंत कायद्यांतच आहे ती पडदा पुसूं शकत नाहीं, व पुसल्याचा आवही आणूं नये. तीन हिस्सेदारांची संमति लागत असेल तर ती लागणारच. परंतु गुंता यंत्रानें आंत वाहावा कीं खातेदारानें डोक्यावर वाहावा, हा निवड करण्याचा प्रश्न आहे. पूर्वीं तो दप्तर जाणणारा माणूस वाहत होता. आतां तें ओझें यंत्रानें उचलावें, एवढेंच आमचें मागणें.

तिसरा आक्षेप आमच्याच काहीं बांधवांचा: हें सर्व सोडून जुनें कागदी दप्तर परत आणा. यास आमचा विरोध आहे. जुन्या दप्तरांत काय चालत असे, हें आम्हांस इतरांपेक्षां थोडें अधिक ठाऊक आहे. उताऱ्यासाठीं चार खेपा, न वाचतां येणारें अक्षर, आणि नोंद कोठवर आली हें विचारण्याची चोरी. आज सातबारा घरबसल्या पाहतां येतो, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु वाट सांपडत नाहीं म्हणून खातेदार जर आपला मोबाईल व ओटीपी तिऱ्हाइताच्या हातीं देऊन पैसे मोजूं लागला, तर जुनें परावलंबन नव्या वेषांत परत आलें असेंच म्हणावें लागेल. गांवांत मदतनीस असावा; पण तो म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठीं व अडलेल्यांसाठीं, सर्वांचा कायमचा द्वारपाल म्हणून नव्हे.

आतां करावें काय? सरकारकडे निवेदन पाठवून स्वस्थ बसणें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. वाट चांगली आहे कीं नाहीं हें ठरविण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे: अनोळखी माणसास तीवरून चालवून पाहणें. आमची सूचना अशी. संघाच्या प्रत्येक तालुका शाखेनें खरिपापूर्वीं पांच-सहा सभासद निवडावेत. त्यांत एक तरी स्त्री खातेदार, एक साठीच्या पुढील व एक कमी शिकलेला अवश्य असावा. त्यांना काम सांगावें, 'या गटांत तूर व सोयाबीन मिश्र पीक लावा', 'वारसाचा अर्ज द्या'. वाट सांगूं नये. शेजारीं बसणाऱ्यानें तोंड मिटून फक्त लिहावें: बोट कोठें थांबलें, कोणता शब्द दोनदां वाचला, कोठून मागें फिरावें लागलें, कोठें काम सोडून दिलें. मदत करण्याचा मोह आवरणें हेंच यांतील कठीण काम. अशा थोड्या माणसांच्या चाचणींतूनही ठळक दोष बहुतेक बाहेर पडतात. ते दोष पडद्याच्या छायाचित्रांसह एका कागदावर मांडून संबंधित खात्याकडे पाठवावेत, व त्याची एक प्रत या मासिकाकडे द्यावी. 'ॲप वाईट आहे' या तक्रारीचें उत्तर कोणी देत नाहीं. 'तिसऱ्या पडद्यावर सहांपैकीं चौघे चुकले, कारण हा शब्द' या तक्रारीचें उत्तर द्यावेंच लागतें.

सरकारकडेही आमचें मागणें मोजकें आहे. शेतकऱ्यासाठीं काढलेलें कोणतेंही सॉफ्टवेअर अशा चाचणीशिवाय सुरू करूं नये; ती चाचणी कार्यालयांत न होतां शेतांत व्हावी; आणि हंगाम चालू असतां मांडणी बदलूं नये. बंगला बांधणारा गवंडी शेवटीं मालकास आंत फिरवून दाखवतो. येथें मालक खातेदार आहे. त्यास घर बांधून झाल्यावर नव्हे, तर पायाची दोरी मारतांनाच बोलवावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.